शून्य अँपिअरचा चटका

आमच्या घरात तक्रार नाही. हे वाक्य मी सहजासहजी उच्चारत नाही, कारण तक्रार हा माझा धंदाच आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रार निवारण विभागाचा प्रमुख आहे. माझ्या खुर्चीमागच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, ‘शिल्लक तक्रारी : शून्य’. ते शून्य मी स्वतः काढतो, चांगलं गोल गरगरीत, आणि ते पुसायची वेळ आली की मला घास गोड लागत नाही. आता लोकांच्या नळाला पाणी येतं का, हा प्रश्न वेगळा. तक्रार शिल्लक नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

घरीही तसंच. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा धाकट्या बहिणीनं फोनवर बजावलं होतं की दादा, लक्ष ठेव, बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे आणि वहिनीचाही. मी हसलो. रोज शंभर माणसांचा आरडाओरडा ऐकून घेणाऱ्याला दोन माणसांचं काय एवढं!

पहिल्या आठवड्यात थोडी खडाखडी झाली, नाही असं नाही. बाबा जन्मभर वजनमापे निरीक्षक होते. ते बाजारात दिसले की दुकानदार घाईघाईनं तराजू पुसायला लागत. निवृत्त झाले तरी त्यांची ट्रंक त्यांच्याबरोबर आली, आणि ट्रंकेत पितळी वजनं, एक छोटा तराजू आणि खात्यानं मोडीत काढलेली शिशाची सीलं. आल्या आल्या त्यांनी बायकोनं आणलेला किलोभर कांदा तोलला आणि तो चाळीस ग्रॅम कमी भरल्याचं जाहीर केलं. “ते चाळीस ग्रॅम मी वाटेत खाल्ले,” असं बायकोनं शांतपणे सांगितलं. त्यानंतर माझ्यासमोर त्या दोघांत चार शब्दांपलीकडे बोलणं झालेलं मला आठवत नाही. मी घरी यायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची आणि बाबा मागच्या खोलीत. आवाज नाही, कुरबुर नाही. मी मनातल्या फळ्यावर शून्य काढलं आणि निश्चिंत झालो.

या सुखाला एकच गालबोट होतं. संध्याकाळी आमच्या घरची लाईट जायची. गल्लीत सगळीकडे उजेड, आणि आमच्याकडे मुख्य स्विच खटकन खाली! वर केला की थोडा वेळ राहायचा, पुन्हा खाली. कधी अर्धा तास तग धरायचा, कधी लगेच पडायचा. बायको ऑर्डरीचे केक करून देते. तिचा केक ओव्हनमध्ये निम्मा फुगलेला असताना हे झालं की ती फक्त ओव्हनकडे बघत उभी राहत असे. त्या वर्षी तिच्या केकचं चांगलंच नाव झालं होतं. पूर्वी तिचा केक कधी अप्रतिम व्हायचा तर कधी दगड. गेल्या काही महिन्यांत मात्र तो दरवेळी एकसारखा, कापसासारखा उतरत होता. हात बसला तिचा, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

लाईट जाण्यामागे कोण, याचा शोध लावायचं मी ठरवलं. वीज वाजवीपेक्षा जास्त खेचली की स्विच पडतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे घरात कोणीतरी जास्त खेचतंय. कोण ते मोजलं की झालं! मोजायचं काय त्यात?

कपाटात एक जुना मीटर पडून होता, लाल आणि काळ्या वायरीचा. शाळेत शिकल्यासारखं आठवत होतं की व्होल्ट मोजता येतात आणि अँपिअरही. मी गोल बटण अँपिअरवर फिरवलं, लाल टोक सॉकेटच्या एका भोकात घातलं, काळं दुसऱ्यात. फाट असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि घर अंधारात गेलं. आतून बायकोचा आवाज आला, “सापडलं का कोण जास्त खेचतं ते?”

दुसऱ्या दिवशी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझा काळवंडलेला मीटर उलटसुलट करून पाहिला आणि मला समजावलं. व्होल्ट मोजायचे तर मीटर बाजूला उभा राहून नुसता बघतो, तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. करंट मोजायचा असेल तर मात्र त्याला वाटेत उभं राहावं लागतं. वायर तोडायची, मध्ये मीटर जोडायचा, म्हणजे सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जातो. आणि प्रवाहाला अडथळा होऊ नये म्हणून त्याचं पोट अगदी मोकळं ठेवलेलं असतं. तुम्ही ते मोकळं पोट सरळ सॉकेटला जोडलंत साहेब, म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटवल्यासारखंच झालं. तुम्ही वाचलात हेच खूप.

मला वायरी तोडायच्या नव्हत्या. वाटेत उभं राहण्याची तर मला सवयच नाही. माझी सगळी नोकरी बाजूला उभं राहून झालेली आहे. मग त्यानं दुसरं यंत्र काढलं. पुढे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा, मागे आकड्यांची खिडकी. याला म्हणतात क्लॅम्प मीटर. वायर तोडायची नाही, सोलायची नाही. वायरीतून प्रवाह वाहत असला की तिच्याभोवती चुंबकासारखा जोर तयार होतो, आणि तो जोर हा जबडा बाहेरूनच ओळखतो. जबडा उघडा, वायरीभोवती मिटा, आकडा वाचा. मी जागच्या जागी त्या यंत्राच्या प्रेमात पडलो. दुकानदार पुढे काही सांगत होता, “फक्त एक लक्षात ठेवा...” पण मी तोवर पायऱ्या उतरलो होतो. डब्यात माहितीपुस्तिकाही होती. ती मी उघडली नाही. कचेरीत येणारे लोक नियम वाचून येत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर रोज खेकसतो, तरीही.

त्या संध्याकाळी मी घरभर तपासणी केली. फ्रिज चालू होता, त्याच्या जाड वायरीला जबडा लावला. शून्य. कपडे धुण्याचं मशीन गरगरत होतं. शून्य! ओव्हन तापला होता. शून्य. मला बायकोचा अभिमान वाटला, काय काटकसरीनं संसार चालवते! मग न्हाणीघरात गेलो. बाबा येणार म्हणून मी मुद्दाम मोठा गीझर बसवून घेतला होता. बाबा बाराही महिने गार पाण्यानं आंघोळ करतात हे नंतर कळलं. मग तो मीच वापरायचो. कचेरीतून आलो की मला कढत पाण्यानं सावकाश आंघोळ लागते. दिवसभर कानात गेलेलं धुऊन काढावं लागतं. गीझरचा लाल दिवा पेटलेला होता. मी त्याच्या वायरीभोवती जबडा मिटला आणि श्वास रोखून खिडकीकडे पाहिलं. शून्य.

एवढं गरम पाणी आणि शून्य! मग तो बंद कशाला करायचा? त्या दिवसापासून मी गीझर दिवसभर चालू ठेवायला लागलो.

उरली बाबांची खोली. ती पूर्वी अडगळीची खोली होती. बाबा येणार म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या वायरमननं घाईघाईत तिथे लाईट काढून दिली होती. दोन सुट्या वायरी, एक दाराच्या चौकटीच्या या बाजूनं ठोकलेली, दुसरी त्या बाजूनं. मी जवळची वायर पकडली. खिडकीत आकडा उमटला. अर्धा अँपिअर!

मी पुन्हा लावून बघितलं. अर्धा. दाराच्या फटीतून आत बल्ब जळताना दिसत होता आणि पंख्याची घरघर ऐकू येत होती. घरभर शून्य आणि इथे अर्धा, म्हणजे घरातला शंभर टक्के करंट बाबांच्या खोलीत जात होता. गणित सरळ होतं. शिवाय लाईट जायला लागली तीही बाबा आल्यापासूनच. हे मी आधी का नाही लक्षात घेतलं?

जेवताना मी निष्कर्ष मांडला. अगदी सौम्य शब्दांत, कचेरीत मांडतो तसा. कोणावर आरोप नाही बाबा, पण आकडे असं सांगतात. बायकोनं वाढता वाढता हात थांबवला. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मला एकच प्रश्न विचारला.

“काटा तपासलास का आधी?”

मी म्हणालो की तराजूची गोष्ट वेगळी, हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, कारखान्यातून तपासूनच येतं. बाबा म्हणाले, “रिकाम्या पारड्यात सगळे तराजू खरेच असतात. माहितीतलं वजन टाकून बघायचं असतं.” मग ते उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन आधी बल्ब आणि मग पंखा बंद केला.

तिथून पुढे त्यांनी आपल्या खोलीत बटण लावलं नाही. संध्याकाळी ते दिवाणखान्यात खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. मी म्हणायचो, बाबा, पंखा लावा हो, अर्ध्या अँपिअरनं काय होतंय. ते म्हणायचे, राहू दे. आणि लाईट? ती आता संध्याकाळची वाट बघत नव्हती. सकाळी जायची, दुपारी जायची, जेवताना जायची. बाबांची खोली बंद असूनही जायची. यावर मी असं स्पष्टीकरण दिलं की इतक्या महिन्यांचा ताण वायरीत साठलेला असतो, तो उतरायला वेळ लागेल. हे मी कुठे वाचलं होतं, असं बायकोनं विचारलं. वाचलं नव्हतं.

मग बायकोला आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं. एका शाळेच्या वर्धापनदिनासाठी तीन मजली केक, हजार पोरांसमोर कापायचा. तिनं आदल्या दिवशी सकाळी पहिला थर भाजायला टाकला. लाईट एकदाही गेली नाही, आणि तरी तो थर बाहेर आला तो मधोमध बसलेला, उशीवर कोणी बसून उठावं तसा. दुसरा थर तसाच. मी समजूत घालायला गेलो की होतं असं कधी कधी, मोजमाप चुकलं असेल. तुझं तर कधी चुकत नाही.

“माझं नव्हतंच ते कधी,” ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. मला काही कळलं नाही. तेवढ्यात बाबा आतून आले आणि त्यांनी सांगितलं की धाकटीला फोन केला आहे, संध्याकाळच्या गाडीनं ते तिच्याकडे जाणार आहेत. कायमचे.

धाकटीचं घर दोन खोल्यांचं. तिथे बाबांना पाय पसरायलाही जागा नाही. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, धाकटीनं तर फोनवर मला ऐकवलंच की दादा, तू त्यांना नक्की म्हणालास तरी काय? मी म्हणालो, काही नाही, फक्त आकडा सांगितला. बाबा ट्रंक भरत होते. पितळी वजनं एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. मी दारात उभा होतो आणि मला वाटत होतं की ही तक्रारच नाही. त्यांनी तक्रार केलीच कुठे? तक्रार नसेल तर तिचं निवारण कसं करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

बायको बाहेर बाबांचा सदरा इस्त्री करत होती. प्रवासात घालायचा म्हणून. इस्त्री अशी फिरवत होती की सदऱ्याचा काहीतरी गुन्हा असावा. मला वाटलं, तिला जरा मोकळं वाटत असेल. घरात दोघांचं पटत नव्हतंच. मी तसं बोलून दाखवलं.

तिनं इस्त्री उभी केली. “त्या खोलीतला अर्धा अँपिअर कसला होता, माहीत आहे तुम्हाला?”

मी म्हणालो, बल्ब आणि पंखा.

“बल्ब कशाला जळत होता? रोज संध्याकाळी बाबा माझा मैदा तोलत होते. मैदा, साखर, लोणी, सोडासुद्धा. ग्रॅमला ग्रॅम. मी त्यांच्यासमोर बसून पाकिटं भरायची. चहा व्हायचा आमचा. भांडायचो पण, खूप. तुम्ही तिकडे गाणी म्हणत आंघोळ करत असता तेव्हा.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

ज्याच्याजवळ उत्तर नसतं तो आकड्यांचा आधार घेतो. मी पुटपुटलो की मीटर काही खोटं बोलत नाही. तेव्हा तिनं इस्त्रीची वायर उचलून माझ्यापुढे धरली. लावा तुमचा तो चिमटा, म्हणाली. मी लावला. इस्त्रीचा दिवा पेटलेला होता, सदऱ्यातून वाफ येत होती. खिडकीत आकडा उमटला. शून्य.

“शून्य ना?” ती म्हणाली. “मग लावा हात.”

आणि वाचकहो, मी हात लावला. तुम्ही हसाल. पण एकदा माणसाचा आकड्यावर विश्वास बसला ना, की समोरची वाफही त्याला दिसत नाही. मी ओरडलो तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. बाबा हातात पावशेराचं वजन घेऊन धावत आले. बायकोनं माझं बोट धरून नळाखाली नेलं. शून्य अँपिअरनं माझ्या बोटाला टरारून फोड आणला होता.

“माहितीतलं वजन,” बाबा म्हणाले.

बोट थंड पाण्याच्या वाटीत बुडवून मी दुसऱ्या हातानं डबा उघडला आणि ती पुस्तिका काढली. दुसऱ्याच पानावर चित्र होतं. जबड्यात एक वायर, शेजारी बरोबरची खूण. जबड्यात दोन वायरी, त्यावर भली मोठी फुली. खाली कारण दिलेलं होतं. वीज एका वायरीतून जाते आणि दुसरीतून परत येते. जितकी जाते तितकीच येते, पण उलट्या दिशेनं. दोन्ही वायरी एकत्र जबड्यात धरल्या की एकीचा जोर दुसरीच्या जोरानं पुसला जातो आणि मीटर शून्य दाखवतो. प्रवाह कितीही असो. फ्रिजची, ओव्हनची, गीझरची, सगळ्यांची वायर वरून एक दिसते, आत दोन असतात. मी घरभर जोड्या मोजत फिरलो होतो. सुटी वायर फक्त बाबांच्या खोलीला होती, म्हणून फक्त तिथेच मला खरं उत्तर मिळालं होतं. आणि त्या एका खऱ्या उत्तरावरून मी त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं.

मी वायरमनला बोलावलं. त्यानं मुख्य स्विचच्या पेटीचं झाकण काढलं, तिथे एकेका जागी जाणारी वायर सुटी होती. बाबांनी चष्मा लावला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि बॅटरी घेऊन शेजारी उभे राहिले. ते म्हणाले, गाडीला वेळ आहे, ही मोजणी साक्षीदारासमोर होऊ दे. आधी जबडा रिकामा मिटायला लावला. शून्य. मग घरातलं सगळं बंद करून एकटी इस्त्री. चार. इस्त्रीवर छापलेल्या वॅटच्या हिशेबानंही चारच. “ठीक,” बाबा म्हणाले, “आता चालू दे.” फ्रिज, पुरता एक अँपिअरही नाही. बाबांची खोली, सगळी बटणं लावून, तोच अर्धा. ओव्हन, नऊ. मग मी गीझरची वायर पकडली. तिचाही आकडा नऊ आला.

ओव्हन नऊ, गीझर नऊ, वर बाकीचं किडूकमिडूक, आणि मुख्य स्विच सोळा अँपिअरचा. मोठा गीझर बसवला तेव्हापासून हे चाललं होतं, आणि तो बसवला तेव्हाच बाबा आले होते. पाणी तापलं की गीझर आपोआप थांबायचा, निवलं की पुन्हा सुरू. त्यामुळे लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. आणि मी तर तो शून्य खातो म्हणून दिवसभर चालू ठेवला होता.

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. वायरमननं झाकणाचा स्क्रू आवळायला घेतला आणि विचारलं, गीझर कोण वापरतं? बायकोनं माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं, आता बाबा हसतील, ट्रंक खाली ठेवतील. पण ते शांतपणे खोलीत गेले आणि ट्रंकेची कडी लावून बाहेर आले. मी म्हणालो की बाबा, सगळं सिद्ध झालं ना, तुमच्याकडे काही नव्हतंच. आता कशाला जाता?

“मी अर्ध्या अँपिअरसाठी चाललो नव्हतो रे,” बाबा म्हणाले. “इतके महिने मी इथे आहे. तू एकदा माझ्या खोलीत येऊन बसला नाहीस. आलास तो यंत्र घेऊन. तेही दाराबाहेरूनच.”

हा चटका बोटाच्या चटक्याहून खोल गेला. लोकांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून मला एक सवय जडली आहे. समोरचा बोलू लागला की मी मान डोलावतो आणि मनात पुढचं वाक्य तयार करतो. या वेळी मनात काही तयार होईना. मी ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि म्हणालो, “बाबा, जाऊ नका.” एवढंच मला बोलता आलं.

ट्रंक आम्हा दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिली. बाबा ती सोडेनात, मी सोडेना. वायरमन जिना उतरून गेला. मग स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

“बाबा, अडीच किलो मैदा तोलायचाय. उद्या सकाळी केक गेला नाही तर हजार पोरं माझ्या नावानं रडतील.”

बाबा म्हणाले, “चाळणीतून काढलास का?” आणि त्यांनी कडी सोडली. ट्रंक माझ्या पायावर पडली. त्यात पितळी वजनं होती हे मी आधी सांगितलं आहेच.

त्या संध्याकाळी मी लंगडत बाबांच्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदा बसलो. बल्ब लागला, पंखा लागला. बाबा तोलत होते, बायको पाकिटं भरत होती, आणि दोघं भांडत होती. तो कांदा चाळीस ग्रॅम कमी होता की तीस, यावर अजून वाद होता! इतक्या महिन्यांत मिटला नव्हता, आणि मिटावा असं दोघांपैकी कोणालाही वाटत नव्हतं. मला चाळणी दिली. एका हाताचं बोट वाटीत, दुसऱ्या हातानं मैदा चाळत मी ऐकत बसलो. दोघांना एकत्र धरून मी लांबून जबडा मिटला होता आणि शून्य वाचून खूश झालो होतो. इकडून जात होतं, तिकडून येत होतं, भरपूर होतं. ते दुकानदाराचं बोलणं मला आठवलं, की करंट मोजायचा तर वाटेत उभं राहावं लागतं. नाहीतर निदान एकेकाशी वेगळं बसावं लागतं.

म्हणून मी बसलो. बायको ओव्हनकडे गेली तेव्हा बाबांना विचारलं, बाबा उठून गेले तेव्हा तिला. बाबांच्या माझ्याविषयी तीन तक्रारी निघाल्या. बायकोच्या किती निघाल्या ते मी सांगणार नाही, फळ्यावर मावल्या नसत्या. “त्यातल्या निम्म्या तुम्हाला ठाऊक होत्या,” असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

केक सकाळी वेळेवर गेला, तिन्ही मजले ताठ.

आता मी गार पाण्यानं आंघोळ करतो. ओव्हन थंड असेल तेव्हा गीझर लावायची मुभा आहे, पण ओव्हन आता थंड नसतोच. मीटर मला परत मिळालेला नाही. बाबांनी तो रीतसर तपासला, रिकामा आणि माहितीतल्या वजनासह. मग जबडा मिटून त्याला तारेनं आपलं जुनं शिशाचं सील ठोकलं आणि वर निरीक्षकाच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी बांधली. मी ती वाचली तेव्हा बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. चिठ्ठीवर लिहिलं आहे, ‘यंत्र बिनचूक. वापरणारा नापास.’